हळदीत ज्याच्या चालीवर सगळे नाचतात, त्या पुणतांब्याच्या चितळकरांचं नाव मात्र कुणालाच आठवत नाही

वाणगाव, बोईसर, डहाणू या पट्ट्यात लग्नाचा सीझन सुरू झाला की हळदीचं आमंत्रण चुकत नाही. मांडवात आधी आगरी-कोळी गाणी होतात, मग रिमिक्स लागतात, पोरं नाचून नाचून दमतात आणि पाणी प्यायला बाजूला होतात. तेवढ्यात साठीतले एखादे काका उठतात. बँजोवाल्याला खूण करतात. मग पाय जवळपास जागच्या जागी, हात सैल सोडलेले, खांदे हलके हलके हलतायत, असा तो नाच सुरू होतो. बघणाऱ्याला लगेच कळतं, ही भगवानदादांची स्टेप आहे.

गाणं असतं ‘शोला जो भडके’. पिक्चर ‘अलबेला’, साल १९५१.

आता मांडवातल्या कुणालाही विचारा, हे गाणं कुणाचं? उत्तर येणार, भगवानदादांचं. जरा जाणकार असेल तो लता मंगेशकरांचं नाव घेईल. पण त्या गाण्यात पुरुषाचा आवाज कुणाचा, आणि मुळात ही चाल लावली कुणी, असं विचारलं की मांडव शांत होतो.

दोन्हीचं उत्तर एकच आहे. रामचंद्र नरहर चितळकर. संगीतकार म्हणून सी. रामचंद्र, गायक म्हणून चितळकर, आणि इंडस्ट्रीत सगळ्यांचे अण्णा. ‘ईना मीना डिका’ त्यांचं, ‘मेरे पिया गए रंगून’ त्यांचं, ‘ऐ मेरे वतन के लोगो’ त्यांचं आणि ‘पप्पा सांगा कुणाचे’ हेही त्यांचंच. चारही गाणी जवळपास प्रत्येक मराठी घरात कुणाच्या ना कुणाच्या आठवणीत आहेत. ती एकाच माणसाची आहेत, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

पुणतांब्यातून निघालेला हिरो

पुणतांबा म्हटलं की आजच्या पिढीला २०१७ चा शेतकरी संप आठवतो. नगर जिल्ह्यातल्या, गोदावरीकाठच्या याच गावात १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र चितळकरांचा जन्म झाला. गाण्याचं शिक्षण झालं पुण्यात, गांधर्व महाविद्यालयात, पंडित विनायकबुवा पटवर्धनांकडे. म्हणजे पाया पक्का शास्त्रीय संगीताचा. पुढे ज्या माणसावर विलायती चाली आणून गाणं बिघडवल्याचा ठपका बसला, त्याची सुरुवात ग्वाल्हेर घराण्याच्या गुरूकडे झाली होती, हे लक्षात ठेवायला हवं.

पण चितळकरांना व्हायचं होतं हिरो. वाय. व्ही. राव यांच्या ‘नागानंद’ या सिनेमात त्यांना मुख्य भूमिका मिळालीसुद्धा. पिक्चर चालला नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये बारीकसारीक भूमिका केल्या. त्यातही काही जमेना. शेवटी कंपनीच्या संगीत विभागात पेटी वाजवायची नोकरी पत्करली. बुंदू खान, हबीब खान यांच्यासारख्या उस्तादांना साथ करता करता सिनेमाचं गाणं कसं तयार होतं, ते त्यांनी तिथे जवळून पाहिलं.

तिथून पुढे त्यांना खेचलं ते भगवान आभाजी पालव या मित्राने. हेच आपले भगवानदादा. त्या काळी ते कमी पैशातले मारधाडीचे पिक्चर काढायचे. भगवान मद्रासला तमिळ सिनेमे दिग्दर्शित करायला गेले आणि संगीताचं काम त्यांनी चितळकरांना दिलं. ‘जयक्कोडी’ आणि ‘वनमोहिनी’ ही त्या दोन सिनेमांची नावं. पुण्यात शिकलेला मराठी माणूस संगीतकार म्हणून पहिल्यांदा पडद्यावर आला तो तमिळमध्ये. १९४२ साली भगवान यांच्याच ‘सुखी जीवन’ने हिंदीत त्यांचं नाव झालं.

शिट्टी, सॅक्सोफोन आणि संडे

चाळीसच्या दशकातली मुंबई डोळ्यांसमोर आणा. युद्ध चालू आहे. शहरात परदेशी सैनिक आहेत. ताजसारख्या मोठ्या हॉटेलांत रोज रात्री जॅझ बँड वाजतायत, आणि त्यात वाजवणारे बरेचसे लोक गोव्याचे आहेत. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमध्ये मुलांना व्हायोलिन शिकवायचे, नोटेशन वाचायला शिकवायचे. ही मुलं मुंबईत येऊन रात्री हॉटेलात जॅझ वाजवायची आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसायची.

चितळकरांना बेनी गुडमनसारख्या अमेरिकन जॅझवाल्यांचं आकर्षण होतं, आणि ते संगीत वाजवू शकणारी माणसं तर शहरातच होती. त्यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे चिक चॉकलेट. खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ, गाव बार्देशातलं हळदोणे. ट्रम्पेट असं वाजवायचा की लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. हा चिक चॉकलेट चितळकरांकडे काम करू लागला.

याचा परिणाम ऐकायचा असेल तर १९४७ चा ‘शहनाई’ ऐका. पी. एल. संतोषींनी लिहिलेलं आणि दिग्दर्शित केलेलं काम. त्यातलं ‘आना मेरी जान संडे के संडे’ देशभर गाजलं. गाण्यात चक्क शिट्टी आहे. पुरुषाचा आवाज चितळकरांचा स्वतःचा. आज हे ऐकताना नुसती गंमत वाटते, पण त्या काळी घरात मोठ्यांसमोर हे गाणं गुणगुणलं तर बोलणी खावी लागत. आज रीलवरच्या गाण्यावरून जे वाद होतात, तसाच हा प्रकार. गाणं वाईट वळण लावतं, ही तक्रार प्रत्येक पिढी करत आली आहे. तक्रार करणारी माणसं तेवढी बदलतात.

१९४९ ला ‘पतंगा’ आला. त्यातलं रंगूनचं गाणं म्हणजे नवरा-बायकोचा ट्रंक कॉल. नवरा ब्रह्मदेशात, बायको डेहराडूनला. शमशाद बेगम आणि चितळकर. विनोदी गाणं आहे, पण तेव्हा ते ऐकणाऱ्या कितीतरी घरांसाठी रंगून हा विनोद नव्हता. नोकरी-धंद्यासाठी ब्रह्मदेशात गेलेले लाखो भारतीय १९४२ साली जपानी सैन्य आल्यावर जीव मुठीत धरून परत आले होते. कित्येक जण जंगलातून चालत आले, कित्येक वाटेतच गेले. अशा घरात रेडिओवर हे गाणं लागल्यावर काय होत असेल? हसूही येत असेल, आणि कुणाचं तरी नाव काढून एखादी आजी गप्पही होत असेल. सी. रामचंद्रांच्या गाण्यांशी लोकांच्या आठवणी जोडल्या गेल्या त्या अशा. पडद्यावर मजा चालू असायची, ऐकणाऱ्याच्या मनात आणखीच काही.

पुढच्याच वर्षी ‘समाधी’ आला. विषय आझाद हिंद सेनेचा, आणि त्यातलं गाजलेलं गाणं मात्र लॅटिन अमेरिकन ठेक्यावरचं. ‘गोरे गोरे’ची चाल एका इंग्रजी गाण्यावरून उचलली होती. हे लपवायचं काही कारण नाही. चितळकरांनी बाहेरून चाली उचलल्या, बाकीच्यांनीही उचलल्या. पण उचललेली चाल इथल्या गळ्यात बसवायला वेगळंच कसब लागतं. लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांनी गायलेलं ते गाणं परकं वाटतच नाही.

अलबेला: दोन मित्रांचा जुगार

भगवानदादांनी मारधाडीचे पिक्चर सोडून एक सामाजिक, गाण्याबजावण्याचा सिनेमा काढायचं ठरवलं. स्वतःच निर्माता, स्वतःच दिग्दर्शक आणि स्वतःच हिरो. हिरोईन गीता बाली. बुटका, जाडसर, स्टंटपटातला हा माणूस नाचणारा हिरो म्हणून कोण बघणार, अशी शंका कुणालाही आली असती. तरी जुन्या मित्राने संगीत दिलं आणि भगवानदादांसाठी आवाजही दिला. चितळकरांचा आवाज काही रफींसारखा मखमली नव्हता. पण भगवानदादांच्या चेहऱ्याला तो असा चिकटला की आजही वेगळा काढता येत नाही.

‘शोला जो भडके’मध्ये बोंगो आहे, ओबो आहे, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आहे. चिक चॉकलेट आणि त्याचे वादक पडद्यावरही दिसतात, झालरीच्या बाह्यांचे शर्ट घालून. हिंदी सिनेमाच्या गाण्यात जी माणसं कायम पडद्यामागे राहिली, ती इथे काही मिनिटं समोर दिसतात. यूट्यूबवर आहे, बघून घ्या. भगवानदादांवरून नजर काढून मागे बघायचं, एवढंच.

आणि याच सिनेमात ‘धीरे से आजा री’ नावाची अंगाई आहे. लताबाईंच्या आवाजातली, पिलू रागाच्या वळणाची. ठेक्यावर नाचवणाऱ्या माणसानेच पोरांना झोपवणारं गाणंही केलं. अनेक घरांत आजीने ही अंगाई म्हटली आणि आईनेही म्हटली. सिनेमाचं नाव त्यांना माहीत होतं की नाही, कोण जाणे.

‘अलबेला’ तुफान चालला. १९५१ साली राज कपूरचा ‘आवारा’ आणि देव आनंदचा ‘बाजी’ यांच्या रांगेत या सिनेमाचं नाव घेतलं जायचं. भगवानदादांकडे पैसा आला, जुहूला बंगला झाला, गाड्या आल्या. पुढे सगळं गेलं आणि ते दादरच्या चाळीत राहायला आले. गणपतीची मिरवणूक चाळीखाली थांबायची, अलबेलाचं गाणं वाजायचं आणि दादा खाली उतरून दोन पावलं नाचायचे, असं दादरचे जुने लोक सांगतात. २००२ मध्ये ते गेले. २०१६ साली त्यांच्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी सिनेमाही आला. चितळकरांवर असा सिनेमा अजून व्हायचा आहे.

एका मराठी मंत्र्याने रेडिओ बंद केला

आता थोडं वेगळ्या माणसाकडे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले. पुण्याचा जन्म, शास्त्रीय संगीताचे भक्त. सिनेमाची गाणी लोकांची अभिरुची बिघडवतात, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास गायब झालं.

मग लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवला आणि श्रीलंका पकडलं. रेडिओ सिलोनवर डिसेंबर १९५२ मध्ये बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानींचा आवाज आला की रस्ते ओस पडायचे. या गीतमालेच्या १९५३ च्या वार्षिक यादीत पहिला नंबर आला ‘अनारकली’मधल्या ‘ये ज़िंदगी उसी की है’ या गाण्याचा. संगीतकार सी. रामचंद्र. आणि गाणं कसलं, तर भीमपलासी रागातलं. मंत्र्यांना जे शास्त्रीय संगीत लोकांच्या कानावर घालायचं होतं, ते पुण्यात शिकलेला दुसरा एक मराठी माणूस सिनेमातून, तेही परदेशी रेडिओवरून, घराघरात पोचवत होता. केसकर हे गाणं कधी ऐकत होते का, हा प्रश्न मनात येतोच.

१९५७ साली सरकारने माघार घेतली आणि विविध भारती सुरू केली. साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आला. वाणगाव-बोईसर भागासाठी तो काळ मोठ्या उलथापालथीचा. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र उभं राहत होतं, १९६९ मध्ये तिथे वीज तयार व्हायला लागली, देशभरातून माणसं नोकरीला येऊन कॉलनीत राहू लागली. वाड्यांमध्ये मिरची तोडणारे इथलेच, कॉलनीतले सगळे बाहेरचे. भाषा वेगळी, जेवण वेगळं. पण रेडिओवर लागणारी गाणी दोघांचीही तीच होती.

गाणं ऐकल्यावर एवढं सगळं आठवतं कसं, यावर शास्त्रज्ञांनीही काम केलंय. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पीटर जनाता यांनी २००९ मध्ये दाखवलं की ओळखीचं गाणं आणि त्याच्याशी जोडलेली आठवण मेंदूच्या पुढच्या भागात, कपाळाच्या मागे, एकत्र हाताळली जाते. दुसरा अभ्यास २०१३ चा, कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरल क्रुमहान्सल यांचा. त्यांनी विशीतल्या मुलांना जुनी-नवी गाणी ऐकवली. आपल्या वयातली गाणी मुलांना जवळची वाटली, त्यात नवल नाही. पण आई-वडील तरुण असतानाची गाणीही त्यांना जवळची वाटली, आणि त्याआधीच्या पिढीच्या काळातलीही. म्हणजे घरात जे वाजत राहतं ते पुढच्या पिढीच्या आठवणीत जाऊन बसतं. हळदीत काकांबरोबर विशीतली पोरंही ‘शोला जो भडके’वर बरोब्बर स्टेप टाकतात, त्यामागे हेच असावं.

ईना मीना आणि एक कोकणी शब्द

१९५५ चा ‘आझाद’ चितळकरांकडे आला तोच घाईत. कोइमतूरच्या निर्मात्याला महिन्याभरात सगळी गाणी हवी होती. नौशाद यांनी असल्या घाईत काम करायला नकार दिला, असं सांगतात. चितळकरांनी मात्र ते काम वेळेत करून दाखवलं. त्यातलं एक द्वंद्वगीत तलत महमूद गाणार होते, ते येऊ शकले नाहीत म्हणून अण्णा स्वतःच गायले. ऐकणाऱ्याला आजही ते तलतच वाटतात.

१९५७ ला ‘आशा’ आला आणि त्यात ‘ईना मीना डिका’. पाश्चात्त्य देशांत रॉक अँड रोल नुकतंच जोरात आलं होतं. गाण्याला अर्थ असा नाहीच. म्युझिक रूमबाहेर मुलं खेळताना म्हणत असलेल्या इंग्रजी बडबडगीतावरून सुरुवात सुचली, आणि चितळकरांचे गोव्याचे सहायक जॉन गोम्स यांनी त्यात कोकणीतले ‘मला नको’ अशा अर्थाचे दोन शब्द टाकले, असा किस्सा आहे. गाणं ऐकताना ते दोन शब्द शोधा, सापडतील. किशोर कुमारने ते गायलं आणि आशा भोसलेंनीही गायलं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये या गाण्यावर नाचलेली पहिली पिढी आता आजी-आजोबा झाली आहे. त्यांची नातवंडंही याच गाण्यावर नाचतात.

१९५९ ला व्ही. शांतारामांचा ‘नवरंग’ आला. त्यातलं होळीचं गाणं अजून दरवर्षी होळीला वाजतं. त्यात आशा भोसले आहेत, लता मंगेशकर नाहीत. कारण तोवर लताबाई आणि अण्णा यांच्यात दुरावा आला होता. त्यामागची कारणं काय, यावर आजवर बरीच चर्चा झाली आहे. दोघंही आता हयात नाहीत आणि गॉसिपला अंत नसतो. परिणाम मात्र सांगता येतो. ज्या आवाजासाठी त्यांनी आपल्या सगळ्यात हळव्या चाली केल्या होत्या, तोच आवाज मिळेनासा झाला. त्याच सुमारास शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर यांचा जोर वाढला. स्वतः निर्माता होऊन काढलेले ‘झांझर’, ‘लहरें’ हे सिनेमे आधीच आपटले होते.

२७ जानेवारी १९६३

ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं. देश हरला. सैनिकांसाठी निधी जमवायला सिनेसृष्टीने दिल्लीत मोठा कार्यक्रम ठरवला. कवी प्रदीप यांनी गाणं लिहिलं आणि चाल लावायला ते चितळकरांकडे गेले. ‘पैग़ाम’साठी दोघांनी आधी एकत्र काम केलं होतं. आधी आशा भोसलेंच्या नावाचाही विचार झाला. शेवटी लताबाई गायल्या. दुरावा बाजूला ठेवून त्या या एका गाण्यासाठी आल्या.

२७ जानेवारी १९६३ ला नॅशनल स्टेडियममध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन आणि पंतप्रधान नेहरूंसमोर ‘ऐ मेरे वतन के लोगो’ पहिल्यांदा लोकांनी ऐकलं. नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं, ही गोष्ट तेव्हापासून प्रत्येक पिढीला सांगितली जाते. त्या गोष्टीत लताबाई असतात, नेहरू असतात. गाणं लिहिणाऱ्या प्रदीप यांना त्या दिवशीचं निमंत्रणच नव्हतं, असं म्हणतात. आणि चाल लावणाऱ्याचं नाव गोष्ट सांगताना बहुतेक वेळा गळून जातं.

चाल नीट ऐका. युद्धावरचं गाणं, पण नगारे नाहीत, आरोळ्या नाहीत. गाणं अगदी खालच्या आवाजात सुरू होतं, कुणीतरी घरी वाईट बातमी घेऊन आल्यासारखं. विलायती ठेक्याचा बादशहा म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाने इथे जवळपास काहीच वाजवलेलं नाही. हे सुचायला आणि तेवढ्यावर थांबायला धाडस लागतं.

पालघर जिल्ह्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत शिकलेल्या माणसाला हे गाणं ऐकलं की स्पीकरचा खरखरता आवाज, ओलं मैदान आणि इस्त्री केलेला पांढरा शर्ट आठवतो. इथे तर त्याला आणखी एक कारण आहे. १४ ऑगस्ट १९४२ ला पालघरमध्ये गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी पालघरच्या हुतात्मा चौकात त्यांना आदरांजली वाहिली जाते. त्यामुळे या भागात देशभक्तीची गाणी ऐकू यायला १५ ऑगस्ट उजाडावा लागत नाही.

शेवटची वर्षं

हिंदीतलं काम आटत गेलं तसे अण्णा मराठीकडे वळले. गदिमांच्या ‘गीत गोपाल’ला चाली दिल्या. ‘धनंजय’ आणि ‘घरकुल’ हे मराठी सिनेमे काढले, त्यात कामही केलं. म्हणजे ‘नागानंद’मधला हिरो तीस वर्षांनी पुन्हा पडद्यावर आला. १९७० च्या ‘घरकुल’मधलं ‘पप्पा सांगा कुणाचे’ हे गाणं मराठी घरांनी असं उचललं की ते सिनेमाचं गाणं आहे हेच लोक विसरले. वाढदिवसाला, बालवाडीत, गॅदरिंगमध्ये अजून म्हटलं जातं. आई-बापाने भांडण झाल्यावर मुलाला मध्ये घेऊन हे गाणं म्हणायचं आणि भांडण मिटवायचं, असंही कित्येक घरांत झालं असेल.

१९७७ मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं, ‘माझ्या जीवनाची सरगम’. त्यातल्या खासगी गोष्टींवरून वादळ उठलं आणि पुस्तकातला संगीताचा भाग बाजूलाच राहिला. हे वाईट झालं. चाली कशा बनल्या, ते त्या माणसाच्या तोंडून समजून घ्यायची ती शेवटची संधी होती.

५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सी. रामचंद्र गेले. चौसष्टावा वाढदिवस सात दिवसांवर होता.

त्या काळी चालीचे हक्क बहुतेक वेळा निर्मात्याकडे किंवा रेकॉर्ड कंपनीकडे जायचे. गाणी लिहिणाऱ्या आणि चाली लावणाऱ्यांना रॉयल्टीत कायमचा वाटा देणारी कायद्यातली दुरुस्ती झाली २०१२ साली, म्हणजे अण्णा गेल्यावर तीस वर्षांनी. आज रीलवर त्यांचं गाणं लावलं की खाली बारीक अक्षरांत नाव येतं, तेही बऱ्याचदा गायकाचं.

२९ जानेवारी २०२२ ला दिल्लीत प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता करणारं बीटिंग रिट्रीट झालं. शेवटी ‘अबाइड विथ मी’ ही इंग्रजी प्रार्थनेची धून वाजवायची वर्षानुवर्षांची पद्धत होती. त्या वर्षी ती काढली आणि त्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ आलं. विजय चौकात सैन्याच्या बँडने ते वाजवलं. बँडच्या वाजवण्यात शब्द नसतात आणि गायिकाही नसते. लोकांनी ऐकली ती नुसती चाल, आणि एका क्षणात ओळखली.

त्यानंतर आठच दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, लता मंगेशकर गेल्या. त्या रविवारी जवळजवळ प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला त्यांचं कुठलं ना कुठलं गाणं होतं. त्यातली कितीतरी पुणतांब्याच्या चितळकरांनी चाल लावलेली होती.